पिवळ्या फितींची वाट

५ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. यंदा मी पळणार.

नव्या वाइनची पिंपं उघडली की पुढच्या रविवारी आमच्या गावाची डोंगरधाव असते. द्राक्षमळ्यांमधून वर, चेस्टनटच्या रानातून, टेकडीवरच्या छोट्या चर्चला वळसा घालून पलीकडून खाली. आज कमिटीची मीटिंग. लुडोविक अध्यक्ष. त्याचं औषधाचं दुकान आहे, पोटऱ्या बघाल तर बैलाच्या. म्हणाला, दरवर्षी वाटेवर खुणेच्या फिती बांधणारा रेमों मुलीकडे राहायला गेला, आता हे काम कोण करणार? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी उभा राहिलो.

'आन्सेल्मकाका, वाटा माहीत आहेत ना?' असं त्यानं मला विचारलं. मला! सदतीस वर्षं या डोंगरांत टपाल वाटलं.

'गाडीतनं!' मागून फाब्रिस ओरडला. लक्ष दिलं नाही.

मग पळणाऱ्यांतही नाव दिलं. वय त्र्याहत्तर. पहिल्या रांगेतून सोलांजनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत कौतुक होतं.

शर्यत संपली, की घामाघूम अवस्थेत, सगळ्यांच्या पुढे असताना, तिला विचारायचं: या हिवाळ्यात संध्याकाळची माझ्या शेगडीपाशी येऊन बसशील का? एवढंच. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या शेगडीपाशी दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर मांजरसुद्धा बसत नाही.

७ ऑक्टोबर, पहाट

सराव सुरू. विहिरीपर्यंत पळालो. तिथे दृश्य इतकं सुंदर होतं की थांबावंच लागलं. धुकं खाली नदीवर, वर पिवळे-तांबडे मळे. बराच वेळ थांबलो. परत येताना चालत आलो, कारण दृश्य अजून मनात होतं.

सोलांज बेकरीत भेटली. म्हणाली, मीटिंगमध्ये मागचं दार उघडं टाकलं होतंस का रे तू? मानेवर गार वारा येत होता, म्हणून वळून पाहिलं.

बायका मनातलं थेट बोलत नाहीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज पळालो नाही. गुडघा.

१३ ऑक्टोबर

गुडघा बरा आहे, पण बुटाचा तळ सुटला. शकुन म्हणावा का? नाही. नवे बूट घेतले. विक्रेता म्हणाला, 'आजोबा, नातवासाठी?' माझा नंबर सांगितला, मुकाट खोका काढला.

१९ ऑक्टोबर, रात्री

झोप नाही. उठून स्वयंपाकघरात फेऱ्या. सॉसेजचा तुकडा खाल्ला, पुन्हा फेऱ्या. वाट डोक्यात पळते आहे आणि मी घरात. शाळेतली कविता आठवली. गुरुजींनी मला फळ्यापुढे उभं करून म्हणायला लावली होती:

चल गं वाटे, पुढे पुढे,
आलोच मी मागून...

पुढच्या ओळी आठवत नाहीत. पण सोलांज तेव्हा पहिल्या बाकावर होती आणि ऐकताना तिचे डोळे भरून आले होते. हे मात्र लख्ख आठवतं.

२५ ऑक्टोबर

कमिटीनं फितीचं रीळ दिलं. नारिंगी, चकचकीत प्लास्टिक, उन्हात भोपळ्याच्या सालीसारखी दिसणारी. ही माझ्या टेकड्यांवर? हे माझ्यानं होणार नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार, सर्व संतांचा दिवस

स्मशानात शेवंतीच शेवंती. सोलांज नवऱ्याच्या थडग्यावर कुंड्या मांडत होती. मी एक कुंडी उचलून दिली. 'अरे, ही शेजारच्यांची आहे,' म्हणाली. परत ठेवली. मग तिच्या टोपल्या घरी पोचवून द्यायला गेलो. शेडमध्ये खुंटीला एक रीळ लटकलेलं. पिवळी फीत! माझ्या टपालाच्या गाडीचा अगदी तोच पिवळा. अंगावर काटा आला. रीळ पिशवीत टाकलं. विचारलं नाही. विचारलं तर सरप्राइज कसलं?

फितीवर बारीक अक्षरांत काहीतरी छापलंय. चष्मा घरी होता. नंतर वाचू.

५ नोव्हेंबर

लुडोविकनं सांगितलंय, फिती शर्यतीच्या आदल्या दिवशीच बांधा, नाहीतर वारा नेतो, गुरं खातात. आदल्या दिवशी! म्हणजे अजून अडीच आठवडे हातावर हात ठेवून बसायचं. हा माणूस औषधं विकतो, त्याला ओढ म्हणजे काय ते काय कळणार?

९ नोव्हेंबर, रविवार

बांधल्या! सकाळी निघालो तो अंधार पडल्यावर परतलो. कुंपणांना, फाटकांना, चेस्टनटच्या फांद्यांना. रानात दोनदा चुकलो. खरं तर वाटा चुकल्या, झाडं उगवून बदलल्या आहेत. त्या टापूत गाडी जात नसे.

शेवटचा टप्पा मात्र खास. गावात शिरण्याआधी वाट सोलांजच्या बापाच्या वेलींच्या रांगेकडेनं जाते. ती जन्मली त्या वर्षी त्यानं लावलेल्या वेली. खोडं बघावीत, म्हाताऱ्याच्या मुठीसारखी. इथे फाटकावर गाठ मारून कसं चालेल? प्रत्येक वेलीला एक फीत, सुबक गाठ. संपूर्ण रांगेला तोरण! शर्यतीच्या दिवशी ती हे बघेल. तेव्हा वेगळं काही बोलायची गरजच उरणार नाही.

सराव झाला नाही, पण हाही एक प्रकारचा सरावच.

११ नोव्हेंबर, सुट्टी

युद्धस्मारकापाशी गर्दी. नंतर सगळ्यांचा एकेक पेला. लुडोविकनं कामं वाटली. सगळ्यांत शेवटच्या धावपटूच्या मागून चालायचं आणि फिती सोडवत यायचं, हे काम सोलांजकडे. 'मला पळायला लावू नका म्हणजे झालं. आणि सूप संपायच्या आत मला खाली पोचवा,' म्हणाली.

जरा हिरमुसलो. ती पार शेवटी, मी पुढे. वाटेत भेट अशी नाहीच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भयंकर.

सकाळी विहिरीकडे निघालो (चालत, वॉर्मअप) तर सोलांजच्या मळ्यात फाब्रिस. हा तिचा जावई, मळा तोच बघतो. छोटं खोदयंत्र घेऊन आला होता. बापाची रांग उपटून एका बाजूला ढीग केलेला. मुळं आभाळाकडे.

सोलांज ॲप्रनच्या खिशात हात घालून उभी होती. म्हणाली, 'सप्टेंबरात यांना काही नव्हतं रे. मी एकेक पान उलटून पाहिलं होतं.' फाब्रिस म्हणाला, 'आई, तपासणीवाले परत येऊन गेले असतील. फीत बांधली म्हणजे रोगी. उपटावीच लागते, नाहीतर सगळा मळा जाईल.' ती म्हणाली, 'सगळीच्या सगळी रांग?'

सप्टेंबरात हा रोग शोधायला सगळं गाव ओळीओळीनं मळ्यांतून फिरलं होतं. मीही होतो. सूचना चालू असताना ढग फार सुंदर होते. नंतर जेवण छान होतं.

मी तिचं सांत्वन केलं. म्हटलं, रोग बाहेरून येतो, लोक काळजी घेत नाहीत. तिनं माझा हात दाबला. आजवर कधी दाबला नव्हता.

आणि माझ्या फिती! वेलींबरोबर सगळ्या गेल्या. पूर्ण तोरण! इतकं सुबक काम केलेली वस्तू, जरा सोडवून बाजूला ठेवायला काय झालं होतं? दुःखाच्या प्रसंगी बोललो नाही. मोठेपणा लागतो.

१५ नोव्हेंबर

लुडोविकला दुकानात सांगितलं, शेवटच्या टप्प्यातल्या फिती गेल्या. तो कुणाला तरी खोकल्याचं औषध देत होता. 'आदल्या दिवशी बांधा म्हटलं होतं ना काका!' गिऱ्हाइकं हसली.

रात्रभर अस्वस्थ. काहीतरी टोचतं आहे. बहुतेक नवे बूट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

नवी वाइन. सगळं गाव रस्त्यावर. मी एकच पेला घेतला. मग दुसराही एकच. सोलांज आली नाही. फाब्रिस म्हणाला, घरात बसून असते, आजोबांची रांग गेली म्हणून कुणाशी बोलत नाही.

रविवारी माझा विजय तिला बाहेर काढेल.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

जसं घडलं तसं लिहितो. घाईनं.

सकाळी दंव. सुटलो. पहिल्या वळणापर्यंत मी घोळक्यात होतो. दुसऱ्या वळणावर घोळका नव्हता. विहिरीपाशी दृश्य नेहमीप्रमाणे सुंदर होतं. मागे पाहिलं तर सोलांज, खांद्यावर पिशवी, फाटकाची फीत सोडवत उभी.

'अरे पोस्टमन, शेवटचा तूच का?'

म्हटलं, स्पीड राखून ठेवलाय.

'राख बाबा. पण सूपही राखून ठेवायला सांगितलं असतंस तर बरं झालं असतं.'

ती माझ्या मागे. मी तिच्या पुढे. एका अर्थी भेट झाली म्हणायची. रानातून वर गेलो. चर्चपाशी दम लागला. खाली उतरताना गावच्या डॉक्टरांच्या मळ्याजवळ आलो आणि चमत्कार! समोरून सगळा घोळका माझ्याकडे पळत येत होता. ते पळत होते त्या दिशेनं पाहिलं तर सगळ्यांत पुढचाही माझ्या मागेच होता, असं म्हणता येईल. एक क्षण, देवाशपथ, मी शर्यतीत पहिला होतो. सोलांजनं ते पाहिलंही.

मग ते जवळ आले. चिखलानं माखलेले, शिव्या देत. लुडोविक सर्वांच्या पुढे: 'काका! ओळीत उभ्या-आडव्या पिवळ्या फिती, तुमच्या समजून आम्ही डॉक्टरांच्या मळ्यात चार फेऱ्या मारल्या! त्या रोगाच्या फिती आहेत! नारिंगी कुठे गेली?'

म्हटलं, घरी आहे. रंग वाईट होता.

'रंग!' असं म्हणून तो मागे वळला आणि खाली गावाकडे पळत सुटला. बाकीचेही गेले.

सोलांज जागेवरच उभी होती. तिनं पिशवीतून आत्ताच सोडवलेली एक फीत काढली. मग ॲप्रनच्या खिशातून दुसरी. उपटलेल्या वेलींच्या ढिगातून उचललेली, मातीनं माखलेली. दोन्ही शेजारी धरल्या. पिवळ्यावर तीच बारीक अक्षरं. माझ्या गाठीसुद्धा तशाच.

'आन्सेल्म, हे रीळ कुठलं?'

तिनं मला नावानं हाक मारायला हा प्रसंग यायला हवा होता!

म्हटलं, तुझ्या शेडमधलं.

मग आम्ही चालायला लागलो, ती फिती सोडवत. पुढे तिच्या बापाची रांग आली. म्हणजे रांग नव्हती, खड्डे होते, त्यांत दंव.

'माहीत होतं ना तुला, बाबांनी मी जन्मले तेव्हा लावली?'

'हो.'

'माहीत असून बांधल्यास?'

'माहीत होतं म्हणूनच बांधल्या. तुला बघायला.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. दार कुठलंच उघडं नव्हतं.

'गाढवा,' म्हणाली. मग नाक पुसलं. 'मार्चमध्ये नवी रोपं येतील. खड्डे तू खणायचेस. एकूण एक. फाब्रिसला यंत्र देऊ देणार नाही मी. कुदळीनं.'

म्हटलं, येईन. दम खायला जरा थांबून ती कविता म्हटली, चल गं वाटे, पुढे पुढे, आलोच मी मागून. सांगितलं, पुढचं आठवत नाही, पण तुझे डोळे भरले होते ते आठवतं.

'नवे बूट चावत होते मला,' म्हणाली. आणि पुढच्या ओळी तिनंच सांगितल्या, फीत सोडवता सोडवता:

तोवर घरचे चुलीपाशी
बसले सगळे जेवून.

गावात पोचलो तेव्हा टेबलं घडी करून गाडीत चढवत होते. सूपचं पातेलं पालथं. शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून ती जमिनीवर पसरली होती. आम्ही तिच्यावरून चालत गेलो. घड्याळ बंद केलेलं. सोलांजनं फितींची पिशवी माझ्या हातात दिली, म्हणाली, 'तुझ्याच आहेत.' आणि उपाशी घरी गेली.

विचारायचं ते राहिलं.

पण मार्चभर तिच्या मळ्यात जायचं आहे. बोलावणं तिच्याकडूनच आलं, हे कुणाला नाकारता येणार नाही. तोवर कंबर तयार करायची. उद्यापासून खणण्याचा सराव. परवापासून, उद्या उठता येईलसं दिसत नाही.

फिती ओल्या होत्या. शेगडीपाशी दुसऱ्या खुर्चीवर वाळत घातल्या आहेत.