समुद्रातली चौकट

सोमवार, १४ जुलै

पुन्हा तारीख बदलली! चौथ्यांदा. चोवीस जुलैला अंतराळातून उतरायची कॅप्सूल आता एकोणीस ऑगस्टला, कारण ती समुद्रातून उचलून आणणारी बोट आधी मिळत नाही. मनीषने हे मला लिफ्टमध्ये सांगितलं. "हेमलता, फक्त तारीख बदल ना. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटं! कक्षेतून खाली यायचा सगळा मार्ग नव्याने आखायचा — ब्रेक कधी मारायचा, हवेत कुठल्या कोनात शिरायचं, किती तापेल, अरबी समुद्रात नेमकी कुठे पडेल. कंपनीचा मालक आहे हा!

बुधवार, १६ जुलै

ऑफिसला जाताना माणच्या चौकात डंपर आडवा. सव्वा तास एका जागी. रविवारी धुतलेले कपडे अजून ओले. आज हीच प्रगती.

गुरुवार, २४ जुलै

गणित झालं. उत्तर आवडलं नाही.

वरच्या हवेचा भरवसा नाही. सूर्य खवळला की ती दाट होते, शांत झाला की विरळ. विरळ मिळाली तर कॅप्सूल उशिरा मंदावते आणि पुढे जाऊन पडते. पुढे म्हणजे कोकणच्या बाजूला. जुलैत मासेमारी बंद असते, चाललं असतं. ऑगस्टात होड्या बाहेर पडलेल्या असणार. म्हणून मच्छीमारांना 'या वेळी इथे येऊ नका' असं कळवायची चौकट मी एकशेसाठ किलोमीटर लांब धरली.

मनीष किंचाळलाच. "एकशेसाठ? आपण दहा किलोमीटरची अचूकता सांगत फिरतोय! तीसची कर. गुंतवणूकदार हसतील."

म्हटलं, हसू देत. तर हा फळा पुसायला लागला — माझं गणित!

निषाद शेजारीच बसला होता. आम्ही दोघांनी मिळून हा मार्ग आखलाय. सगळं त्याला माहीत. आणि हा स्क्रीनकडे बघत बसला!

शनिवार, २ ऑगस्ट

भाडं द्यायला खाली गेले. घरमालकीण तुळजाबाई भाजी निवडत होत्या.

"तुजी ती पेटी आभाळातनं पडायची हाय म्हनं? हितं न्हाई ना पडायची? परवाच नवं पत्रं टाकल्यात."

"नाही मावशी. समुद्रात पडणार. लांब."

"मग समुद्रात मान्सं नस्त्यात व्हय?"

ह्यांना मीटिंगला न्यायला हवं!

मंगळवार, ५ ऑगस्ट

मीटिंग. सूचनेचा कागद समोर आला — तीस किलोमीटर. मी पेन खाली ठेवलं. सही करणार नाही म्हटलं. मनीष म्हणाला, "तू घाबरट आहेस, हा तुझा प्रॉब्लेम आहे." सगळे टेबलाकडे बघायला लागले.

आणि मग निषाद — "मी करतो सही. मच्छीमारांना फॉर्मही मीच पाठवतो."

दोन वर्षं शेजारी बसलोय आम्ही! माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्लीय त्याने. मला या कामातून बाजूला केलं. आता मी माहितीपत्रकातली चित्रं तपासायची.

बुधवार, ६ ऑगस्ट

निषादने चहाला विचारलं. गेले नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

माहितीपत्रकात पृथ्वी उलटी फिरतेय. सांगितलं. "कोण बघतंय?" म्हणाले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

सकाळी अकरा चाळीस. मला आत बोलावलं नव्हतं, दारातच उभी राहिले. उष्णतेच्या पट्ट्यात संपर्क तुटतोच, तसा तुटला आणि परत आला. पॅराशूट उघडले. टाळ्या.

मग जागा दिसली. ठरलेल्या बिंदूच्या बासष्ट किलोमीटर पुढे! किनाऱ्याच्या बाजूला. त्यांच्या चौकटीच्या पार बाहेर, माझ्या चौकटीच्या आत. मी ओरडलेच — "होड्या! तिथे होड्या आहेत का बघा!"

उचलायला गेलेल्या बोटीवरून कळलं — आसपास एकही होडी नाही. समुद्र मोकळा.

मनीष म्हणाला, "बघ! उगाच घाबरवत होतीस."

नशीब म्हणायचं. चिडायचीही ताकद उरली नाही. निषाद कोपऱ्यात उभा होता, माझ्याकडे बघत. मी मान फिरवली आणि घरी आले.

बुधवार, २० ऑगस्ट

निषादची खुर्ची रिकामी. मनीषने सकाळीच काढून टाकलं त्याला. 'फॉर्ममध्ये घोळ केला', एवढंच कळलं. मच्छीमार सोसायट्यांना गेलेली सूचना मागवून वाचली — एकशेसाठ किलोमीटर. खाली निषादची सही.

फोन लावला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "गणित तुझंच बरोबर होतं गं. मनीषसमोर माझं तोंड उघडत नाही. पण सही केली की फॉर्म माझ्या हातात येणार, एवढं ठाऊक होतं."