कादोवाकीकाकांच्या पायातले मोजे

मात्सुए,
ऑक्टोबरची अखेर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तळ्यावर सकाळचं धुकं उतरू लागलं आहे, उत्तरेकडची बदकं येऊन पोचली आहेत आणि माझ्या खिडकीतल्या शेवंतीला एकुलतं एक का होईना, फूल आलं आहे. (ऋतूविषयी चार ओळी नसल्या तर तू पत्र पुढे वाचत नाहीस, म्हणून त्या आधी उरकल्या.) तुझा गुडघा कसा आहे? तोत्तोरीला समुद्राचा वारा सुटला असेल, तेव्हा सकाळी अंगणात नुसत्या सपाता घालून हिंडू नकोस. माझी तब्येत उत्तम. उत्तम काय, ताई, मी जिंकले आहे. आज झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं आहे आणि हे पत्र मी उभ्यानंच लिहिते आहे, कारण बसवत नाही.

तुला ठाऊकच आहे की ओसाकाची नोकरी सुटल्यावर मी इथं शिंप्याचं बंद पडलेलं दुकान भाड्यानं घेतलं. मागे चटया अंथरलेल्या दोन खोल्या आणि हातरुमालाएवढं अंगण. बेत असा, की आपली राहणी जवळून पाहायला येणाऱ्या परदेशी प्रवाशांना ठेवून घ्यायचं. किल्ला पाहायला तासभर पुरतो. पण मुळा कसा खारवतात, अंथरूण कसं घडी घालतात, शेजारणीशी हवामानावर किती वेळ बोलावं, हे कुठल्या तिकिटावर दाखवतात? मला वाटलं, गल्ली आनंदेल. गल्ली आनंदली नाही. निदान गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष कादोवाकीकाका तरी नाहीच. त्यांचं म्हणणं, परदेशी माणसांच्या बॅगांची चाकं खडखडतात आणि ती माणसं जळाऊ कचरा बाटल्यांच्या दिवशी टाकतात. शेवटी त्यांनी निवाडा दिला : एक पाहुणा. एकच. शरदातल्या सभेपर्यंत गल्लीतून एक जरी तक्रार आली, तर दारावरची पाटी उतरवायची. पाटी उतरली की घरभाडं कुठून? म्हणजे पुन्हा ओसाका, पुन्हा ती कपाटाएवढी खोली. (त्या खोलीत मी बारा वर्षं स्वतःशी कुजबुजत बोलले, भिंत पातळ म्हणून. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी मी मोठ्यानं शिंकले आणि समोरच्या नोत्सुआजींनी खिडकीतून विचारलं, ‘सर्दी का गं?’ तेव्हाच मी ठरवलं की इथून हलायचं नाही.)

तो एक पाहुणा म्हणजे फिनलंडच्या हेल्वीबाई. वय सत्तरीला टेकलेलं, जन्मभर बर्फातून टपाल वाटलेलं, त्यामुळे पाय खांबासारखे. आपल्या चालीरीतींवरचं मिळेल ते वाचून आल्या होत्या. भाषा रात्रशाळेत शिकलेल्या, पण ती अशी की दरबारात शोभावी. पहिल्याच सकाळी त्यांनी कादोवाकीकाकांना गाठून विचारलं, ‘आपल्या कृपाछत्राखाली मी माझ्या दह्याचा रिकामा डबा कोणत्या वारी विसर्जित करावा?’ काका कचऱ्याच्या जाळीपाशी त्यांना पकडायलाच उभे होते. डबा धुतलेला, पुसलेला, वरचा कागद सोललेला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हिरमुसून परत दिला.

खरी भानगड मिठाईनं केली. हेल्वीबाईंनी येताना मला त्यांच्या देशाची मिठाई आणली होती. काळी, चकचकीत आणि खारट. हो, खारट. मी एक तोंडात टाकली आणि क्षणभर मला बाबांचं रंगकामाचं कपाट आठवलं. आता एवढा मोठा डबा एकटीनं ठेवून घेणं बरं दिसेना (संपवणं तर शक्यच नव्हतं), म्हणून रिवाजाप्रमाणे मी थोडी थोडी सगळ्या घरी वाटली. नोत्सुआजी ओरडल्या, ‘अगं, हे खायचं आहे की दाराला लावायचं?’ पण आलेलं ताट रिकामं कसं पाठवायचं? संध्याकाळपर्यंत सलगमाचं लोणचं आलं, तळ्यातल्या शिंपल्यांचं सार आलं, सोबावाल्या कागेयामांकडून कुट्टूच्या शेवया आल्या. मी भाबडेपणानं सगळं हेल्वीबाईंपुढे मांडलं आणि सांगितलं, ही तुमच्या मिठाईची परतभेट.

इथं त्यांचं वाचन आडवं आलं. भेटीला परतभेट द्यावी, इतकं त्यांनी बरोबर वाचलं होतं. पण परतभेटीशी गोष्ट संपते, हे बहुधा पुढच्या पानावर असावं. त्यांनी पिशवीतून लोकर काढली. टपालाच्या बसमध्ये जन्मभर विणत आलेली बाई ती. बोलता बोलता सुयांवरून एक मोजा उतरायचा. आठवडाभरात नोत्सुआजींना लाल मोजे, कागेयामांना निळे. झालं. आता हातानं विणलेल्या मोज्यांना उत्तर काय द्यायचं? साबणाची वडी चालणार नाही. नोत्सुआजींनी हेल्वीबाईंना घरी नेऊन सलगम खारवायला बसवलं. कागेयामांनी, जे स्वतःच्या जावयालाही पिठाला हात लावू देत नाहीत, बाईंना सोबा लाटायला शिकवलं. वर सगळ्यांना सांगत सुटले, ‘जावयापेक्षा बरी लाटते.’ (जावई तिथंच उभा होता.) देवळाच्या पुजाऱ्यांनी उत्सवाचा ढोल वाजवायला दिला. बाई प्रत्येक ठिकाणाहून भारावून यायच्या आणि रात्री पुन्हा सुया काढायच्या.

तू म्हणशील, कुणीतरी त्यांना सांगायचं की बाई, आता पुरे. पण कोण सांगणार? पाहुण्याला ‘तुमचं चुकतं’ म्हणणं हाच केवढा उद्धटपणा! मी एकदा नुसतं सुचवलं, की लोकर महाग असेल ना? तर त्या म्हणाल्या, ‘आपण माझी काळजी केलीत, हे ऋण मी विसरणार नाही.’ आणि मला गळपट्टा मिळाला.

राहिले कादोवाकीकाका. त्यांनी मिठाई घेतलीच नव्हती. अध्यक्षानं कुणाचं काही घेऊ नये, म्हणजे सभेत जीभ मोकळी राहते, हा त्यांचा नेम. हेल्वीबाई करड्या मोज्यांचा जोड घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. काका म्हणाले, नको. बाईंनी वाचलं होतं की सभ्य माणूस दोनदा नाही म्हणतो, म्हणून त्या गोड हसल्या. काका म्हणाले, छे छे, खरंच नको. बाई आणखी गोड हसल्या आणि जोड तिसऱ्यांदा पुढे केला. तिसऱ्या नकाराला आपल्याकडे शब्द आहे, पण तो अध्यक्षाला शोभणारा नाही. शिवाय खिडक्याखिडक्यांतून गल्ली बघत होती. काकांनी मोजे घेतले. मी माझ्या दाराआड होते. त्यांचा चेहरा पाहून मला एकाच वेळी हसू आणि कणव आली. ज्या माणसानं कधी कुणाचं काही ठेवून घेतलं नाही, त्याला घेणं किती जड जातं! (मी तरी वेगळी कुठे आहे, असंही मनात आलं. पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता.)

काकांनी तडक द्राक्षांची पेटी पाठवली. बाईंकडून हातमोजे आले. काकांनी लाखकाम केलेल्या जेवायच्या काड्यांचा जोड दिला. कानटोपी आली. काकू म्हणाल्या म्हणे, ‘आता फक्त नाक उघडं राहिलंय, तेवढ्यावर आवरा.’ शेवटी एका गारठलेल्या सकाळी काका माझ्या दारात. कानटोपी डोक्यावर होती, काढायला विसरले होते की काढवेना, देव जाणे.

‘सात्सुकी, थांबव तिला.’

‘मी कशी थांबवू, काका? पाहुणी आहे.’

‘अगं, मग मी देऊ तरी काय? घरात द्यायजोगं आता बायकोच उरली आहे!’

ताई, आयुष्यात वेळेवर सुचलेली अशी माझी ही एकच गोष्ट. मी म्हटलं, ‘काका, त्यांना लोकरीनं फेडता येणार नाही असं एकच काही तुमच्यापाशी आहे. पुढच्या शरदातही त्यांना या गल्लीत येता यावं, एवढं द्या.’ काकांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘मोजे मात्र उबदार आहेत,’ आणि निघून गेले.

काल सभा झाली. काकांनी विचारलं, शिंप्याच्या दुकानातल्या पाहुणीबद्दल कुणाची तक्रार? नोत्सुआजींनी हात वर केला. आजी म्हणाल्या, ‘माझा डावा मोजा जरा घट्ट होतो.’ काकांनी गंभीरपणे विचारलं, ‘ही तक्रार म्हणून धरायची का?’ ‘धरा की! पण ती पुन्हा आल्याशिवाय सैल कोण करून देणार?’ सगळी सभा हसली, काकासुद्धा, आणि पाटी राहिली. नुसती राहिली नाही. आज सकाळी काकांनी स्वतः शिडी आणून ती थोडी वर ठोकली, वाकडी लागली होती म्हणे. हेल्वीबाई टाळ्या वाजवत होत्या. मी आत जाऊन कारण नसताना भांडी घासली.

गुडघ्याला ऊब दे. रात्रीचं जेवण टाळू नकोस.

तुझी,
सात्सुकी

ता. क. पत्राबरोबर पेटी पाठवली आहे. सलगमाचं लोणचं, शेवया आणि तुझ्या मापाचे जांभळे मोजे. तू पत्राआधी पेटी उघडतेस, त्यामुळे मोजे एव्हाना पायात असतील. म्हणजे आता परतभेटीचं देणं तुझ्याकडे लागलं. द्राक्षं, साबण, टॉवेल काहीही पाठवू नकोस.

ता. क. आणखी एक. सभेत काकांनी शेवटी एक प्रश्न विचारला, तो वर लिहायचा राहिला : प्रवाशांना रीतसर चहा कोण शिकवणार? मी म्हटलं, माझी ताई. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि त्या भरवशावर संमती दिली. भावजी गेल्यापासून तू चहा घुसळायची रवी हातात घेतलेली नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून सभेत सांगितलं नाही. माझा चहा कसा होतो, हेही सांगितलं नाही.

ता. क. शेवटचं. रविवारच्या दुपारच्या गाडीला कादोवाकीकाका तुला घ्यायला स्टेशनवर येणार आहेत, कानटोपी घालून. तुझा होकार आला आहे, असं त्यांना माझ्याकडून कळलं आहे. यायचं नसेल तर आग्रह नाही. फक्त तेवढं त्यांना फलाटावर येऊन सांग.