घाटात माणसांच्या बाऱ्या

३ नोव्हें., सोम.
आज गावाच्या आरोग्याचं उद्घाटन झालं. मारुतीसमोर मांडव. 'चला चालूया, नीट खाऊया' असा फ्लेक्स, त्यावर सरपंचाचं तोंड भोपळ्याएवढं. दशक्रियेला पाहुणे माइक सोडत नाहीत तशी भाषणं. प्रत्येकानं सांगितलं, तेलकट खाऊ नका. मग सगळ्यांना बटाटेवडा आणि जिलेबी.

पुण्याच्या संस्थेनं आहारताई म्हणून पाठवलीय ती श्वेता. मंचरच्या किराणावाल्या शेठची. कॉलेजात आमच्याच वर्गातली. मी दुसऱ्या वर्षाला सरांवर डस्टर फेकून घरी आलो, ती डिग्री घेऊन आली. दीड वर्ष मी तिच्या मागच्या बाकावर बसलो आणि आज विचारते, "तू इथलाच का?"

इथलाच. अवसरीत जन्मलो, अवसरीतच कुजणार.

दोन वडे खाल्ले. मुद्दाम, तिच्यासमोर.

६ नोव्हें., गुरु.
कॅनॉलच्या रस्त्यानं सकाळी चालणारी वरात निघते. बाया कानाला स्कार्फ बांधून, सरपंच नव्या बुटांत. मधे तात्या: एसटीतून रिटायर ड्रायव्हर, शुगरवाला, पोट पुढं आणि तात्या मागं. पुलापर्यंत जातात, येताना पप्याच्या गाडीवर भजी. चालल्यामुळं भूक लागती म्हणे.

आईपण त्यात. घरी सांगितलं नव्हतं. गुडघे धरून चालत होती.

मी सर्जाला फिरवायला नेला होता. आबांचा, म्हणजे वडिलांचा, शर्यतीचा बैल, त्याला रोज व्यायाम लागतो. मी मोटरसायकलवर, हातात कासरा, तो शेजारून चालतो. श्वे. थांबली. म्हणाली, "बैल चालतो, तू नाहीस."
म्हणालो, "त्याला घाट जिंकायचाय. मला काय जिंकायचंय?"

हसली. नाही, हसली नसेल. दात दिसले.

१२ नोव्हें., बुध.
शाळेमागच्या ओपन जिमची अवस्था: एका मशीनवर गोधडी वाळत, दुसऱ्याला शेळी बांधलेली. शेळीचं आरोग्य उत्तम.

समाजमंदिरात श्वे.नं बायांना कमी तेलाची मासवडी शिकवली. आई सांगत होती. कमी तेलाची मासवडी! म्हणजे बिनरंगाची होळी. शेवंतामावशी तिला म्हणाली, "बाई गं, तुजा बाप तेल इकतो आन् तू आमाला तेल सोड म्हनतीस."
श्वे. म्हणाली, "म्हणूनच मला माहितीय मावशी, तुमच्याकडं महिन्याला किती डबे जातात."

आईला हे सांगताना एवढं हसू आलं की पदर तोंडाला लावला. मी जेवत होतो. घास तसाच राहिला. असली पोरगी.

१७ नोव्हें., सोम.
वरात आटली. थंडी पडली, गावाचा उत्साह गोधडीत गेला. सरपंचाचे बूट खिडकीत. उरल्या आई, शेवंतामावशी आणि अजून दोघी. तात्या येतो, पण थेट भज्यांच्या गाडीवर.

पुण्याहून तिचे सर आले होते, पांढऱ्या गाडीतून. उतरले, चार बाया बघितल्या, परत बसले. संध्याकाळी श्वे. जिमच्या कट्ट्यावर एकटी होती. स्वतःहून बोलली. महिनाअखेरच्या रविवारी सर पुन्हा येणार. तेव्हा गर्दी नसली तर हे गाव बंद, तिला पुण्याच्या ऑफिसात बसवणार.
"तुला बरंच," मी म्हणालो. "सुटशील."
"मला इथंच काम करायचंय," ती म्हणाली. "सुटायला मी अडकले नाहीये."

घरी येऊन वैरणीच्या पेंढ्या फेकल्या. आबा म्हणाले, वैरणीनं काय घोडं मारलंय तुझं.

ही गेली तर मी कॅनॉलला कशाला जाऊ.

१९ नोव्हें., बुध.
सुचलं.

या गावाला तब्येत नको, नंबर पाहिजे. चाल म्हटलं तर झोपतील. पुढच्याला हरव म्हटलं तर मढं उठेल. आणि आमच्याकडं घाट आहे, बैलगाडे पळवायचा. शर्यती जत्रेला, तोवर मोकळाच. आखलेला, चढाचा, दोन्हीकडं लोक उभे राहायला जागा. बैलगाड्याच्या बाऱ्या होतात, घड्याळ लावून फेऱ्या, तशा माणसांच्या लावायच्या. चालायचं फक्त. निशाण, घड्याळ, भंडारा, सगळं. माइक माझा, जत्रेत मीच बोलतो, आवाज भीमाशंकरपर्यंत जातो.

सरपंच ऐकून खुर्चीतून उठला. पहिल्या येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून ढाल देतो म्हणाला. माणसाच्या तब्येतीसाठी जो कधी उठला नाही तो.

श्वे.ला फक्त एवढं सांगितलं, रविवारी गर्दी असेल. ती म्हणाली, "खरंच?" तो 'खरंच' दिवसभर डोक्यात.

२३ नोव्हें., रवि.
पहिली फेरी. अख्खं गाव घाटात. पारगावच्या कारखान्याला ऊस घेऊन निघालेले ट्रॅक्टर रस्त्यात थांबले, ड्रायव्हर टपावर चढून बघत.

मी माइकवर: "निशाण पडलं, तात्यांची बारी सुटली, झाली झाली झाली!" भंडारा उधळला. साठीतले म्हातारे एकमेकांकडं खुन्नसनं बघत चढ चढत होते. कालपर्यंत ज्यांना संडासला जायला गाडी लागायची ते.

श्वे. भंडाऱ्यानं पिवळी झाली होती. कानाशी येऊन ओरडली, "हे तू केलंस?" आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं, म्हणजे पुन्हा ओरडेल. ओरडली.

आई मात्र बारीत उतरली नाही. म्हणाली, मला कुणाला हरवायचं न्हाई.

२७ नोव्हें., गुरु.
गाव पागल झालंय. फायनल रविवारी, सर त्याच दिवशी येणार. घरोघर खुराक चालू. बैलाला शर्यतीआधी जे घालतात तेच: दूध, अंडी, तूप-गूळ, भिजवलेले बदाम. तात्या तांब्यानं दूध-तूप पितो, वर गुळाचा खडा. आबांना विचारून गेला, सर्जाला किती घालता. आबांनी अभिमानानं सांगितलं.

श्वे. दारोदार फिरून सांगतेय, हे करू नका. तात्या तिला म्हणाला, "ताई, बैल पळतो ना यावर? मग मी काय बैलापेक्षा कमी हाय का?"

ती माझ्याकडं आली. "तू सांग त्यांना. तुझं ऐकतील." तात्याला शुगर आहे, हे मलाही माहीत होतं. म्हणालो, रविवार होऊ दे, मग सांगतो. तुझंच काम आहे ना, गर्दी पाहिजे ना.
ती वळली आणि पुढच्या दाराकडं चालू लागली. हे तिचं मला सगळ्यात जास्त लागतं.

३० नोव्हें., रवि.
सर आले. कॅमेरावाला घेऊन. गर्दी जत्रेसारखी.

शेवटची बारी तात्याची. नियम चालायचा, पण निम्म्यात तात्या पळाला. मी काय बोललो माइकवर? "तात्या, सोडू नका, उचला!" असंच. सवयीनं. बैलाला बोलतो तसं. चढ संपता संपता तात्या गुडघ्यावर आला, मग तोंडावर. भंडारा उधळणाऱ्यांना वाटलं जिंकला. उधळतच राहिले.

गाडीत घालून मंचरला नेला. श्वे. मागं बसली, त्याचं डोकं मांडीवर. दार लावताना मला म्हणाली, "माणसांचे बैल केलेस तू."
मी म्हणालो, "बैलांना आम्ही जपतो."
तोंडातून गेलं. दार लागलं होतं. ऐकलं की नाही माहीत नाही.

२ डिसें., मंगळ.
तात्या शुद्धीत, पायाला प्लास्टर, शुगर आभाळाला भिडलेली. बघायला गेलो. डोळे उघडून पहिलं विचारलं, "माझी बारी धरली का रं?"
धरली, घड्याळात मोजली म्हणालो. नर्सनं बाहेर काढलं.

व्हरांड्यात श्वे. होती. तात्याच्या सुनेला भाकरी-भाजीचं समजावत होती, दुधाचा तांब्या परत देत होती. माझ्याकडं बघितलं नाही. मी तिथं हेल्मेट हातात घेऊन उभा. नुसता उभा.

५ डिसें., शुक्र.
संस्था खूश. पडलेल्या तात्याचा फोटो सोडून सगळे फोटो पुण्यात पोचले. गर्दी बघून सरांना साक्षात्कार झाला: हे तालुक्यातालुक्यात करायचं. अवसरीचं काम 'यशस्वी' म्हणून बंद. जुन्नर तालुक्यातून सुरुवात, आधी ओझर. तिथं कोण जाणार? जिनं अवसरी यशस्वी केली ती.

गर्दी नसती तर गेली असती. गर्दी झाली म्हणून चालली. शाबास. घाटाचा राजा मीच. ढाल कुणी आणून देत असेल तर विहिरीत टाका.

९ डिसें., मंगळ.
श्वे. आईला आणि शेवंतामावशीला भेटायला आली. आईनं कमी तेलाची मासवडी खाऊ घातली. चांगली होती. हे कुठं बोलायचं नाही.

निघताना गोठ्याशी आली. मी सर्जाला खरारा करत होतो, वळलो नाही.
"ओझरला येत्या रविवारी पहिला दिवस आहे," ती म्हणाली.
"माइक घेऊन येतो. आवाज लागेल."
"माइक नको. बाऱ्या नकोत. मी सरांना तसं सांगितलंय, चिडलेत." मग, "चालणार असशील तर ये. नुसतं."
"कुणापुढं?"
"कुणापुढं नाही. बरोबर."

गेली. सर्जाच्या एकाच बाजूला खरारा किती वेळ करत होतो, आबांनी हाक मारली तेव्हा कळलं.

१३ डिसें., शनि.
नुसतं चालायचं. त्यात काय आहे? ना निशाण ना नंबर. रिकामटेकड्यांचं काम. पंचविशीच्या आतला माणूस हात हलवत ओझरच्या रस्त्यानं, बायकांच्या घोळक्यात. देवळातला विघ्नहर्तापण हसेल.

आज सकाळी गाडी काढली नाही. सर्जाला पायी नेला. तो बावचळला. चार पावलं झाली की थांबून मागं बघायचा, गाडी कुठंय म्हणून. समोरून आई आणि त्या तिघी आल्या. अजून येतात, कुणी मोजत नाही तरी. शेवंतामावशी म्हणाली, "पावणं नवं दिसतंय कोनतरी." आई हसली नाही. जाता जाता एवढंच बोलली, "कासरा ढिला सोड. त्याला तुज्या चालीची सवय न्हाई."

पुलापर्यंत गेलो. टाचेला फोड.

जेवताना आबांनी विचारलं, "उद्या बैल कोण फिरवनार?"
आई माझ्याकडं बघत होती. मी भाकरी मोडली. जेवल्यावर टाचेच्या फोडाला चिंधी बांधली, सकाळसाठी.