धाकटीच्या काकड्या आणि माझे जिवाणू

३ मार्च
धाकटीच्या शेडमध्ये काकडीला मुळकूज लागली. आठशे वेल. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्यावरच. शेतीच्या सल्लागार बाई म्हणाल्या, बुरशी आहे, आठ दिवसांत औषध द्या. मी म्हणालो, विष कशाला? मातीतले चांगले जिवाणू सोडू, ते बुरशीचा बंदोबस्त करतील. शाळेच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं बाटल्या धुतल्यात, मला कळणार नाही तर कुणाला! धाकटी म्हणाली, दादा म्हणेल तसं.

४ मार्च, सकाळी ७
जिवाणूंची पुडी आणली. बादलीत साखरपाणी करून कालवली. सूचना बारीक अक्षरात आहेत. चष्मा सापडला की वाचेन.

६ मार्च
बादलीला सणसणीत वास. जिवाणू जोमात! बायको म्हणाली, बाथरूममध्ये काय मेलंय? हिला विज्ञानाचं वावडंच.

७ मार्च
बादलीत दोन झाकणं फिनेल टाकलं. वास गायब. बायकोची कुरकुरही. डोकं लागतं.

८ मार्च
बादलीतलं थोडं थोडं साध्या पाण्यात मिसळून प्रत्येक वेलाच्या बुडाशी एकेक मग. कंबर गेली. धाकटीने आणलेला औषधाचा डबा मीच परत करायला लावला.

१३ मार्च
साठ वेलांनी माना टाकल्या. जिवाणू अजून रुळायचेत. नव्या नोकरीत माणसालाही वेळ लागतो.

१९ मार्च
तीनशे गेले. डोस दुप्पट केला. फिनेलही.

२४ मार्च
बाईंनी बादलीतलं पाणी तपासून आणलं. त्यात जिवंत काहीच नाही म्हणे. काय घातलं होतं, विचारलं. साखर म्हणालो. खोटं नाही ते.

२५ मार्च
चष्मा सापडला. पुडीवर लिहिलंय, जंतुनाशक मिसळू नये. इतकं बारीक छापतात? कंपनीकडे तक्रार केली पाहिजे.

२९ मार्च
धाकटीने उरलेले वेल उपटले. मुळं काळी, हात लावला की गळून येत होती. मी कंबरेमुळे खुर्चीत. मग जवळ येऊन म्हणाली, दादा, माझंच चुकलं. पाणी जास्त दिलं मी. तुझी मेहनत वाया घालवली.
मी म्हणालो, होतं असं. पुढच्या वेळी लक्ष ठेव.
पुढची वेळ नाही, म्हणाली. शेड विकली. सोमवारपासून दुसऱ्यांकडे पॅकिंगला जाणार.
सांगणार होतो. अगदी तोंडाशी आलं होतं. पण ती रडत होती, अशा वेळी तांत्रिक बाबी काढू नयेत.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पित्त असावं.