आईच्या गोळ्या

प्रिय संघमित्रा,

तू धुळ्याला माहेरी गेलीस त्याला चार महिने झाले. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला पुढचं बोलताच येत नाही, म्हणून लिहितो आहे. पाचोऱ्यात तसं ठीक आहे. शाळा सुटली की घरी येतो, खिचडी टाकतो. आईची खाट मागच्या दाराशी तशीच आहे.

तिचे गुडघे तुला ठाऊकच होते. तीस वर्षं अंगणवाडीत उकिडवं बसून भांडी घासलेली बाई. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ती कुणाचा हात न धरता ओटा चढली. केवढा आनंद झाला मला! मग मीच रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणत राहिलो. दोन वर्षं. सकाळी उठल्याबरोबर एक, संध्याकाळी एक, जास्त दुखलं तर आणखी एक. तिच्या हातावर गोळी ठेवताना वाटायचं, मी किती चांगला मुलगा.

पुढे ती म्हणायला लागली, "पोटमा आग पडस रे." तू मला बाजूला घेऊन सांगितलंस, "आईंना काळी शौच होतेय, डांबरासारखी. जळगावला दाखवू या." मी म्हणालो, "आधी तुझं तिखट कमी कर." त्या दिवसापासून तू तिची भाजी वेगळी करायला लागलीस. दवाखान्याचं आणखी दोनदा बोललीस. मी म्हणालो, सुट्टी नाही.

शेवटी ती ओट्यावर कोसळली, तेव्हा तिला जळगावला नेलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं होतं. "जठराला भोक पडलंय. दुखण्याच्या गोळ्या रोज चालू होत्या का?" मी म्हणालो, "कधीमधी." तिथेही खोटं. त्यांना कळलंच असावं. म्हणाले, "या वयात रोज घेतल्या तर आत जखम होते. काळी शौच म्हणजे रक्त होतं. तेव्हाच आणायला हवं होतं." बाहेर बाकावर तू होतीस. काय म्हणाले, असं विचारलंस. मी फक्त "अल्सर" म्हणालो. तिसऱ्या दिवशी आई गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाला भिकुबाई मावशी भरल्या घरात म्हणाली, "सुनेच्या तिखटानं खाल्लं माझ्या बहिणीला." तू माझ्याकडे पाहिलंस. मी ताटाकडे बघत राहिलो. बॅग भरताना तू एवढंच विचारलंस, "तुम्हालाही तसंच वाटतं का?" मी तुझ्या बॅगेची चेन लावून दिली.

नाही, संघमित्रा. कधीच वाटलं नाही. मला सगळं माहीत होतं. रविवारी तुझ्या वडिलांनी दोन्हीकडच्या माणसांना आपल्या दोघांचं ठरवायला बैठकीला बोलावलंय, मावशीही येणार आहे. तिथे मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. पण इतरांच्या आधी ते तुला कळावं, म्हणून हे पत्र. परत ये म्हणायला मला तोंड नाही. तू काय ठरवशील ते ठरव. फक्त त्या बैठकीत खाली मान घालून बसू नकोस. तू तिला वाचवायला निघाली होतीस. अडवणारा मी होतो.

तुझाच,
प्रशील