गप्प बसणाऱ्याचा होकार

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जुन्या राज्यकारभारांवरच्या माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण चाललंय. कुठे लोक खडे टाकून मतं मोजत, कुठे ज्यांची आरोळी मोठी त्यांचं खरं, कुठे राजाने मान हलवली की संपलं, तर कुठे एकमत होईपर्यंत कुणी उठायचंच नाही. राज्य चालवायचं सगळ्यांनाच, पण तऱ्हा बघ किती!

बरं, काकांचं पत्र होतं. बाबांच्या माघारी बाइंडिंगचं दुकान विकू म्हणतात. शेजारचा प्रेसवाला तयार आहे. माझी हरकत नाही. तू तरी त्या चिकट खळीत हात किती दिवस घालणार? महिनाभरात तुझं पत्र आलं नाही, तर होकार धरतो.

भाचीला पापा.

तुझा,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल दुकान उघडायला गेले, तर किल्लीच लागेना. प्रेसवाल्याने कुलूप बदललंय. तुझ्या नि काकांच्या सह्या झाल्या म्हणाला. माझा चष्मा, सुया, पुस्तकांचे अर्धवट शिवलेले फर्मे, सगळं आत.

कागदावर नावं तुमची, हे मला ठाऊक आहे रे. पण आपल्या घरची रीत विसरलास? बाबा सगळ्यांना बसवून विचारायचे. ज्याला पटलं नाही तो गप्प बसायचा, आणि एक जरी गप्प असला तरी विषय बंद. काका तुला शाळेतून काढून कामाला लावणार होते, तेव्हा गप्प कोण बसलं होतं? म्हणून तू पुस्तकं लिहितोयस, शहाण्या! या वेळीही मी तशीच गप्प बसले.

काळजी घे.

ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरंच लक्षात आलं नाही गं. पण तिघांत दोघांचं मत एक पडलं, आणि आता व्यवहार फिरवता येत नाही. तुला तिथेच कामावर ठेवा, असा प्रेसवाल्याकडे शब्द टाकलाय.

राग सोड. पुस्तक तुलाच अर्पण करतोय. आठवड्याभरात छपाईला जाईल. नको असेल तर कळव, नाहीतर होकार धरतो.

तुझा,
धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

या वेळी गप्प बसत नाही. नको.

काकांना अर्पण कर. तुमच्या दोघांचं मत एक पडतं.

लोभ होता.

ताई