पिहूच्या गेममधल्या लाल चपला

मंगळवार, दिवाबत्तीनंतर

अजूनही डोकं तापूनच आहे. अकरावीतली माही नात पिहू शाळेत गेम बनवायले शिकते. मी चौथी शिकलेली, मले तर कौतुकच! पण आज तिनं मलेच कम्प्युटरसमोर बसवलं. सरांनी सांगितलं म्हणे, नव्या माणसानं गेम शेवटपर्यंत खेळावा अन् बनवणाऱ्यानं मधात एक शब्द बोलू नये. उद्या दाखवायचं आहे.

गेममधली पोट्टी गोल बाजारातून भाजी घेऊन घरी जाते. भाजी मी पटापट घेतली. पण दारात आली तर पायात लाल चपला, अन् समोर चूल, देव! सगळे बटन दाबले, चपला निघतच नाहीत. टाइम संपला की पुन्हा बाजार. चारदा असंच झालं. एरवी पिहूचं तोंड थांबत नाही, आज मात्र गुपचूप वहीत लिहून राहिली.

शेवटी तीच ओरडली, "आजी, सीधा अंदर जाओ ना!"

"चपला घालून? काहून, तुह्या मायनं हेच शिकवलं का?"

बोलली म्हणून माहं खेळणं बाद. पिहू रडकुंडीले आली, मले बी कसंतरी झालं. मग म्हणते, "चप्पल उतारने का बटन तो मैंने सोचा ही नहीं." तेच बनवून राहिली आता.

सकाळी नवा माणूस म्हणून आजोबांले बसवणार आहे. त्यांले काय कळणार ते बटन? ते तर लग्न झाल्यापासून चपला घालूनच घरात शिरतात.